मामांची मोटार पेट्रोल पिते

मामांची मोटार चढ चढायची नाही. चढ म्हंजे डोंगर नव्हे. आमच्या कुंभकोणमकडे डोंगर नाहीच. स्वामीमलैचा डोंगरसुद्धा माणसांनी दगड रचून उभा केलेला. चढ म्हंजे कावेरीच्या पुलाला लागताना रस्ता जरा वर उचलतो, तेवढाच. तिथं आली की मोटार घुसमटायची, खोकायची, मागून काळा धूर सोडायची आणि उभी राहायची. मग मामी आणि अक्का, म्हंजे मामांची मुलगी, खाली उतरायच्या. मामा उतरायचे नाहीत. मालकच उतरला तर मोटार ठेवली कशाला, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हर एक हात स्टिअरिंगवर ठेवून दारातून रेटायचा, मी मागून ढकलायचो, आणि मामा आत बसून "हं, जोर" म्हणायचे. शेजारून भाताच्या बैलगाड्या पुढं निघून जायच्या. एकदा एका गाडीवानानं मामींना फार अदबीनं विचारलं, अम्मा, गवतावर जागा आहे, येता का. त्या दिवशी घरी येऊन मामी जेवल्या नाहीत. मी जेवलो, आणि जेवता जेवता त्या गाडीवानाची नक्कल करून दाखवली, म्हणून मामींनी माझ्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

नकला हाच माझा धंदा होता. मॅट्रिकला गटांगळी खाऊन मी मामांकडे येऊन पडलो होतो. मामांची पितळी भांड्यांची पेढी. पेढीवर मला कुणी उभं करेना, कारण मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर गिऱ्हाइकाचीच नक्कल करायचो. पण संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमली की मामा मला हाक मारायचे. शाळेचे हेडमास्तर, भजनात झोपणारा मृदंगवाला, तालुका कचेरीत आलेला दोराई, म्हंजे गोरा साहेब, सगळे मी करायचो. मोटारसुद्धा करायचो. हँडल मारल्यापासून पुलावर बंद पडेपर्यंत. लोक पोट धरून हसायचे, मामाही हसायचे, आणि मग हसू आवरून ड्रायव्हरला शिव्या द्यायचे.

कारण लढाईचे दिवस होते आणि पेट्रोल कुपनावर मिळायचं. मामांच्या कुपनांत पूर्वी महिनाभर फिरणं व्हायचं, गावातलं, स्वामीमलैचं, वसुलीला तिरुप्पनंदाळचं. त्या दसऱ्यापासून मात्र महिना अर्धा झाला की टाकी कोरडी. टाकीत बांबूची काठी बुडवून पेट्रोल मोजायची आमची पद्धत. मामा रोज सकाळी दात घासायच्या आधी ती काठी बुडवायचे आणि ओल कुठपर्यंत आली ते बघून त्यांचं तोंड कडू व्हायचं. मोटार जुनी होती हे खरं. रेल्वेतल्या कुणा दोराईनं विलायतेला परत जाताना स्वस्तात फुंकलेली. पण दसऱ्याच्या आधीही ती जुनीच होती, आणि तेव्हा पुलावर सुसाट चढायची.

मामांचा हिशोब सोपा होता. पेट्रोल टाकीत जातं. मोटार तेवढी चालत नाही. म्हंजे कुणीतरी पितं. कोण? ज्याच्या हातात किल्ली तो.

"दसऱ्याला नवं धोतर दिलं, तिथून माजलाय," मामा म्हणाले.

ड्रायव्हर इन्नंबूरचा, तमिळ माणूस, चाळिशीचा. फार नम्र वगैरे होता असं समजू नका. मिशीला तेल लावायचा, तंबाखू चघळायचा, आणि कुंभकोणमात आपल्यासारखा ड्रायव्हर नाही हे समोरच्याला गाठून सांगायचा. मला तो 'तंबी' म्हणायचा, म्हंजे धाकटा भाऊ, पण असा म्हणायचा की त्यात शेंबड्या ऐकू यावं. आमच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर त्याला आमची मराठी सगळी कळायची, बोलायचा मात्र तमिळच. म्हणून मामांनी त्याला चोर मराठीत म्हटलं तरी त्यानं उत्तर तमिळमध्ये दिलं, आणि ते मी इथं लिहीत नाही.

मी काय केलं, तर एक नवी नक्कल बसवली. ड्रायव्हर इकडं तिकडं बघतो, टाकीत रबरी नळी घालतो, तोंडानं ओढतो, पहिला घोट चुकून गिळतो, मग त्याला तो आवडतो. ओढण्याचा आवाज मला फार झकास जमला होता. त्या नकलेनं मी त्या वर्षी जेवढी वाहवा मिळवली तेवढी पुढं कधी मिळाली नाही. आठवड्याभरात गल्लीतली पोरं ड्रायव्हर दिसला की ओठांचा चंबू करून तोच आवाज काढायला लागली. मग बाजारातली माणसं. मग मोटार-स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर. तो चहाच्या दुकानात गेला की मालक विचारायचा, तुम्हाला चहा चालेल ना, की नेहमीचंच?

आधी मामांनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. पेट्रोल तसंच संपलं. मग मामांनी मला कुलूप लावलं, म्हंजे ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. मोटार जाईल तिथं मी, मोटार उभी राहील तिथं मी. पेट्रोल तसंच संपलं. तेव्हा मामांनी ओट्यावर चारचौघांत सांगून टाकलं: हे शेवटचं कुपन. हेही असंच उडालं तर सरळ पोलीस ठाण्यात. लढाईच्या दिवसांत पेट्रोल चोरणारा म्हंजे काय, ते तिथं समजावतील.

ड्रायव्हर तिथंच उभा होता. त्याची मिशी पहिल्यांदाच मला खोटी चिकटवल्यासारखी वाटली. लढाईच्या काळात पेट्रोलची चोरी हा गमतीचा विषय नव्हता. स्टँडवरच्या एकाला नुसत्या संशयावरून उचलला होता, आणि तो परत आला तेव्हा त्याला हँडल मारता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला मोटारीत बसवलं, तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "तंबी, तू शेजारी बसतोस. मी चोरत नाही हे तुला माहीत आहे. मग पेट्रोल जातं कुठं, ते आता तू आणि मी शोधायचं. नाहीतर तुरुंगात मी ओरडेन की नळी तूच धरत होतास."

माझ्याकडं दुसरं काम नव्हतं.

आधी गळती. दुपारभर टाकीखाली आणि नळीखाली केळीची पानं अंथरून ठेवली. एक थेंब नाही. एका पानावर मामींनी सरळ वड्या वाळत घातल्या. मग ड्रायव्हरला खात्री पटली की बंकवालाच, म्हंजे पेट्रोल विकणारा, रॉकेल मिसळतो. त्यानं तळहातावर पेट्रोल घेतलं, फुंकलं. हात गार पडला, क्षणात कोरडा झाला, तेलकट डाग नाही. पेट्रोल चोख होतं. बंकवाल्याला तो आदल्या दिवशीच भर रस्त्यात काय काय बोलून आला होता, ते आता परत घेता येत नव्हतं. मग ब्रेक. पायाशिवायच ब्रेक धरून राहिला की मोटार स्वतःलाच मागं ओढत चालते. स्वामीमलैच्या रस्त्यावर जाऊन आलो आणि चाकांच्या ड्रमांवर पाणी शिंपडलं. चर्र झालं नाही. सपाट रस्त्यावर मी एका हातानं ढकलली तर मोटार बाळाच्या पाळण्यासारखी गेली. टायरमध्ये हवा भरली, ती मी भरली, आणि त्यानं सावलीत बसून मोजली.

मग त्यानं प्लग काढले. चांगल्या इंजिनातला प्लग भाजलेल्या कॉफीच्या पुडीच्या रंगाचा निघतो, असं तो म्हणाला. आमचे निघाले समईच्या काजळीसारखे, ओले, पेट्रोलनं माखलेले. पेट्रोल इंजिनात जात होतं, बाहेर नाही, म्हणाला. पण जळत नव्हतं. अर्धवट जळून काळं होऊन मागून बाहेर पडत होतं. एकतर पेट्रोल जास्त येत होतं, नाहीतर वारा कमी.

त्यानं कार्बोरेटर खोलला. त्यातला पितळी तरंगा, पेट्रोल पुरेसं आलं की वर उचलून वाट बंद करणारा, तो कानाशी हलवून बघितला. भोक पडून आत पेट्रोल शिरलं असतं तर खळखळला असता. नाही खळखळला. पेट्रोलची बारीक भोकं फुंकून बघितली, ठीक होती. सगळं पुन्हा जोडलं. मोटार पुलावर गेली आणि पुन्हा बंद पडली. आम्ही पुलाच्या कठड्यावर बसलो. तो मला माझ्या मामांच्या सात पिढ्यांबद्दल काही सांगत होता आणि मी वेळ घालवायला मोटारीची नक्कल करत होतो.

माझी मोटारीची नक्कल जुनी, दसऱ्याच्या आधीपासूनची. ती मी तोंड उघडं ठेवून, घशातून करायचो. दसऱ्यानंतर तीच केली तर ओट्यावरचे लोक म्हणायचे, अरे ही तुमची मोटार नव्हे. मग मी करून करून बघितलं आणि कसं जमलं, तर एका बोटानं अर्धं नाक दाबलं की. नाक दाबलं की आवाज बरोब्बर बसायचा, तीच घुसमट, तोच खोकला. लोक टाळ्या द्यायचे. मी तेव्हा डोकं चालवलं नव्हतं, नाक चालवलं होतं.

पुलावर मी नाक दाबून मोटार केली आणि ड्रायव्हर बोलायचा थांबला.

"पुन्हा कर," म्हणाला.

मी केली.

"बोट काढ."

मी बोट काढलं. कठड्यावर बसल्या बसल्या माझ्या तोंडून जुनी मोटार सुटली, दसऱ्याच्या आधीची, पूल चढून पलीकडं जाणारी.

त्यानं मला ढकललंच. मी नदीत पडता पडता राहिलो. तो बॉनेट उघडून आत अर्धा शिरला.

आता मामांच्या मोटारीचं पोट कसं होतं ते सांगायला पाहिजे. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात. मामांकडं तराजू, वजनं, ठोकणी आणि मोटार. मोटारीची पूजा वरवरची नाही, बॉनेट उघडून, प्रत्येक भागाला गंध, कुंकू, झेंडूचं फूल. शिवाय मामी. मामींचे नवस फार. पूर्वी मुलीला सासरी पोचवायची असली, आजारी माणूस बरा व्हायचा असला, की ज्या गाडीनं ते काम व्हायचं तिच्या जोखडाला हळदीच्या फडक्यात नाणं बांधायचं, स्वामीमलैच्या स्वामीच्या नावानं. काम झालं की सोडून त्याच्या हुंडीत टाकायचं. काम होईपर्यंत त्या गाठीला हात लावायचा नाही, आणि कशासाठी बांधली ते बोलायचंही नाही. मोटारीला जोखड कुठलं? म्हणून मामी जिथं हात पोचेल तिथं बांधायच्या. मोटारीच्या पोटात देवघरापेक्षा जास्त पुड्या लोंबत होत्या, तेलानं आणि काजळीनं सगळ्या एकसारख्या काळ्या. ड्रायव्हर त्यांना सांभाळून काम करायचा, कार्बोरेटर खोलतानाही त्या बाजूच्या पुड्यांना त्यानं धक्का लावला नव्हता. तोही स्वामीमलैच्याच स्वामीचा भक्त.

इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला, जिथून कार्बोरेटर वारा ओढतो, त्या तोंडात एक पत्र्याची झडप असते. तिला चोक म्हणतात. सकाळी गार इंजिन चालू करताना ती बंद करायची, इंजिन तापलं की उघडायची. उघडायचं बटण ड्रायव्हरपुढं. बटण तो रोज आत ढकलत होता आणि ते रोज आत जात होतं. पण तार मधेच वाकत होती. झडपेची दांडी हलतच नव्हती. तिला आणि शेजारच्या नळीला मिळून एक हळदीचं फडकं घट्ट आवळलेलं. मामींनी पूजेच्या दिवशी बघितलं असणार की ही दांडी हलते, जोखडासारखी, आणि बांधलं असणार.

आमच्या मोटारीचं नाक दसऱ्यापासून अर्धं दाबलेलं होतं.

ड्रायव्हरनं फडकं चाचपलं. आत नाणं, आणि नाण्याबरोबर कसला तरी तुकडा. काच. हिरव्या बांगडीची काच. मग आम्हाला दोघांनाही कळलं की ही गाठ कशासाठी.

अक्काला नवऱ्यानं तंजावरहून परत पाठवून दोन पावसाळे झाले होते. मूल नाही, म्हणून. मामी म्हणायच्या, तो न्यायला येईल, नाहीतर आपल्या मोटारीनं पोचवू. आणि माघात, तिरुप्पनंदाळहून येताना, मागच्या सीटवर मामांच्या एका सोयऱ्यानं मामांना सांगितलं होतं की जावयानं दुसरं लग्न केलं, बायको आणून घरात बसवली, सगळं झालं. मामा म्हणाले, घरात कळता कामा नये, हिला तर नाहीच. हे मी ऐकलं, कारण मी पुढं बसलो होतो. ड्रायव्हरनंही ऐकलं, कारण त्याला कान होते. म्हंजे ही गाठ कधीच सुटायची नव्हती. तो पोचवायचा प्रवास आता उरलाच नव्हता.

"तंबी, हे तुमच्या घरचं आहे. तू सोड," ड्रायव्हर म्हणाला.

मी म्हटलं, "मी? मला मामी जेवायला घालतात."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग खाली नदीवर गेला, हातपाय धुतले, वहाणा काढून ठेवल्या, कपाळाला विभूती लावली. गाठ त्यानं सोडली नाही, हे मी बघितलंय. फडक्याला वेढे होते, ते एकेक सरकवत त्यानं ते दांडीवरून ओढून काढलं आणि तसंच्या तसं, गाठीसकट, मोटारीच्या पुढच्या दिव्याला बांधलं. वर हात जोडले. दांडी टक करून फिरली.

पुढचं काय सांगू. मी हँडल मारलं तर मोटार पहिल्या झटक्याला बोलायला लागली. पूल कधी आला आणि गेला ते कळलं नाही. ड्रायव्हरनं ॲक्सिलेटर दाबला की पाठ सीटला चिकटायची. तिरुप्पनंदाळपर्यंत गेलो आणि आलो, वाटेत प्रत्येक बैलगाडीला मागं टाकताना तो हॉर्न वाजवत होता, त्यात त्या मामींना बोललेल्या गाडीवानाचीही असेल म्हणून मी सगळ्यांनाच वाकुल्या दाखवत होतो. धूर नाही. परत गावात शिरून त्यानं बांबूची काठी टाकीत बुडवली. ओल जवळजवळ सकाळच्याच खुणेवर. तो काठी घेऊन रस्त्यात नाचला. चाळिशीचा माणूस, मिशीवाला. मी पुढं त्याचीही नक्कल बसवली होती, पण ती बघायला कुणी मागितली नाही.

ओट्यावर मामांचे व्यापारी बसले होते. ड्रायव्हरनं काठी मामांपुढं धरली, पाण्यात बुडवलेल्या तलवारीसारखी, आणि सगळं सांगितलं. पानं, ड्रम, काजळी, झडप, फडकं. काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही. तो चोर नव्हता, एवढंच त्याला ऐकवायचं होतं, आणि ज्यांच्यापुढं त्याला चोर म्हटलं होतं त्यांच्याचपुढं. शेवटी म्हणाला, "ऐया, आता यांना सांगा, पेट्रोल कोण पीत होतं."

व्यापारी माझ्याकडं बघून हसायला लागले होते, की आता नक्कल होणार. दाराच्या आड मामी उभ्या होत्या. त्यांचा हात कडीवर होता, तो मला दिसला.

मामांनी काठी घेतली. ओल बघितली. मामांचा चेहरा मी इतक्या वेळा केलाय की त्याच्या आतलं मला वरून कळतं. पहिल्यांदा तिथं आनंद आला, पेट्रोलचा. मग काहीतरी दुसरं आलं, हळूच, भाव पाडून मिळालेल्या मालासारखं.

"कधी सोडलंस?" मामांनी विचारलं.

"आज सकाळी, ऐया. सोडलं नाही, सरकवलं."

"आज सकाळी," मामा म्हणाले. मग कपाळाला हात लावून खाली बसले. "आज सकाळीच माझ्याकडं तंजावरहून माणूस आला होता. जावयानं दुसरं केलं."

व्यापाऱ्यांनी पानाचा डबा मिटला.

मला मामांचं कौतुक वाटलं, हे खरं सांगतो. सगळा माघ आणि अर्धा फाल्गुन त्यांनी ते पोटात दाबून ठेवलं होतं, आणि आता एका वाक्यात ते बाहेर काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकलं होतं. मामी दाराबाहेर आल्या. परक्या पुरुषांपुढं त्या कधी ओट्यावर यायच्या नाहीत.

ड्रायव्हर वळून त्यांना म्हणाला, "अम्मा, ते लग्न माघातच झालं. मी मोटारीत ऐकलं. हा तंबीपण होता."

मामींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं बघतील, आणि मी काय बोलेन ते मला त्या वेळी माहीत नव्हतं. पण त्यांना ते नकोच होतं. माघात लग्न झालं असेल, तर त्यांची गाठ तशीच्या तशी घट्ट असताना झालं. मग स्वामी कसला आणि गाठ कसली. आज सकाळी झालं असेल तर गोष्ट वेगळी.

"माझी गाठ होती तोवर काही झालं नव्हतं," मामी म्हणाल्या. "मज ठाऊक आहे. तू हात लावलास."

"अम्मा, गाठ तशीच आहे. दिव्याला बांधलीय, बघा."

"तू हात लावलास."

तेवढ्यात अक्का आतून आली. तिचे डोळे कोरडे होते. तिनं मामांकडं बघितलं आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं, "बाबा, तंजावरचा माणूस कुठं बसला होता? त्याला कॉफी मीच द्यायला हवी होती की. कुणी दिली?"

"आत जा," मामा म्हणाले.

ती आत गेली. तिला आधीपासून माहीत होतं का, कधीपासून, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही पुन्हा काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मामी तिच्याशी फार गोड बोलायच्या, आजारी माणसाशी बोलतात तसं.

ड्रायव्हरला पोलिसांकडं नेलं नाही. मामांनी चारचौघांत कबूल केलं की पेट्रोल त्यानं चोरलं नाही. अगदी स्पष्ट कबूल केलं. आणि किल्ली काढून घेतली.

चोर म्हणून गेला असता तर बरं झालं असतं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल चोरता येणाऱ्या ड्रायव्हरला कुंभकोणमात तीन ठिकाणी तरी नोकरी तयार होती. काळ्या बाजारात लॉऱ्या पळवणारे असलीच माणसं शोधत होते. पण नवसाच्या गाठीला हात घातलेला माणूस, ज्याच्यामुळं एका पोरीचा संसार मोडला, त्याच्या हातात आपल्या मोटारीचं चाक कोण देणार? त्याच मोटारीतून आपलीही पोर सासरी जाणार असते. स्टँडवर तो गेला की ड्रायव्हर उठून दुसरीकडं जाऊन बसायचे. चहावाल्यानं चेष्टा बंद केली आणि त्याचा पेला वेगळा ठेवला. गल्लीतली पोरं आता चंबू करायची नाहीत. त्यांच्या आया त्यांना आत ओढायच्या. ओट्यावर माझी पेट्रोल पिण्याची नक्कल कुणी मागेना. अपशकुनी झाली होती. एका व्यापाऱ्यानं मला सांगितलं, ते सोड, मृदंगवाला कर.

तो एकदा पेढीवर आला होता. मामा दिसले नाहीत, मी होतो. म्हणाला, "तू सांग ना त्यांना. तू होतास." मी म्हटलं, सांगितलं तर ऐकणार कोण, मी तर नकल्या, लोकांना वाटेल तुझीच नक्कल करतोय. हे मी हसवायला म्हटलं. तो हसला नाही. जाताना दुकानातल्या एका घागरीवर त्यानं सवयीनं टिचकी मारून बघितली, आवाज ऐकला आणि गेला.

नवा ड्रायव्हर ठेवायला मामांना पैसे द्यावे लागले असते. त्यांनी मलाच चालवायला शिकायला लावलं. मी आठवड्यात शिकलो, कारण ड्रायव्हर कसा बसतो, कसा गिअर टाकतो, कसा वळणावर बाहेर मान काढतो, ते सगळं मला पाठ होतं. मोटार फार सुंदर चालायची. महिना संपला तरी कुपन उरायचं, आणि उरलेलं कुपन मामा कुठं विकायचे ते मी विचारलं नाही. ते हळदीचं फडकं मामींनी दिव्यावरून काढून नदीत टाकलं. बाकीच्या पुड्या तशाच राहिल्या. मामा फक्त दर खंडेनवमीला स्वतः उभे राहून बघायचे, की मामी काय कुठं बांधतात.

चैत्रात मामींना स्वामीमलैला जायचं होतं. स्वामीची क्षमा मागायला. मागच्या सीटवर मामी, अक्का आणि नारळांची टोपली. इन्नंबूरच्या फाट्यापाशी रस्त्याच्या कडेनं एक माणूस डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालला होता. पाठीवरून मी ओळखला. मिशी काढली होती म्हणून तोंडावरून नसता ओळखला. ऊन फार होतं. मोटारीचा आवाज ऐकून तो थांबला, भाऱ्याखालून मान वळवून इंजिनाकडं कान केला, आणि हात थोडा वर उचलला. थांबव म्हणून, की ओळख म्हणून, ते सांगता येत नाही. स्वामीमलै पुढं थोडंच राहिलं होतं आणि पुढची सीट रिकामी होती.

माझा पाय आपोआप सुटला, मोटार जरा मंदावली.

"अडे, थांबू नकोस," मामी म्हणाल्या. "जोरात ने. त्याची नजर लागेल."

अक्का खिडकीबाहेर बघत होती, त्याच्याच बाजूला.

मी पाय दाबला. मोटारीनं लगेच ओढ घेतली, जरा खोकली नाही, आणि रस्त्यावरचा सगळा फुफाटा त्याच्या अंगावर गेला.